‘१९०५ चा ओरिजिनल एचएमव्ही’, किंमत ४२,५०० रुपये

चावीचा फोनो (जुना ग्रामोफोन), वर चकचकीत नवाकोरा पितळी कर्णा आणि समोर कुत्र्याची पाटी असं दिसलं की तिथून निघा. विकणाऱ्याशी गप्पासुद्धा मारू नका.

मी फसलो आणि मोजले ते असे: यंत्राचे ३८,५००, सोबत गळ्यात मारलेल्या तबकड्यांचे १,८००, टेम्पोचे २,२००. त्यातले १०,००० यूपीआयने, बाकी सगळे रोख. पावतीवर काय? ‘जुना फोनो १ नग’. साल आणि कंपनी लिहून देत नसेल तर पाकीट काढू नका.

आता लोक ऐकवतात, एवढ्या तबकड्या जमवतोस आणि तुला कळलं नाही? अहो, तबकडी ओळखणं वेगळं, यंत्र ओळखणं वेगळं. दुकानदाराने चावी दिली, बालगंधर्वांचं पद लावलं, दुकानातली गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. अशा वेळी पेटीचा तळ कोण बघतो?

मी बघितला, याचाच जास्त संताप येतो. पेटी कलती केली तर खाली स्टार स्क्रू. विचारलंही. ‘मोटर उघडली होती साहेब, तेव्हा बदलले.’ हे स्क्रू बाजारात आले १९३० च्या दशकात. दुरुस्तीत एखाददुसरा बदलला जातो, मान्य. पण चारही कोपऱ्यांना तेच, आतल्या पट्टीलाही तेच! जुन्या यंत्राची दुरुस्ती होतेच, म्हणून त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. तुम्हालाही पटलं असतं.

आणि ती कुत्र्याची पाटी. ते चित्र एचएमव्हीवाल्या ब्रिटिश ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्येच घेतलं होतं, पण तिच्या तबकड्यांच्या लेबलवर कुत्रा आला १९०९ च्या सुमारास. त्याआधी तिथे पिसाच्या लेखणीने लिहिणारा देवदूत असायचा. मग १९०५ च्या यंत्रावर त्या कंपनीची कुत्र्याची पाटी कशी? शिवाय पाटीवर पेटंटचं साल असलं तरी ते यंत्राचं जन्मसाल नव्हे. यंत्र त्याच्या नंतर कधीही बनलेलं असू शकतं.

घरी जाणकाराने उघडलं. मोटर कुठल्यातरी पेटीवजा पोर्टेबलची, लाकूड नवं, वर काळपट पॉलिश. साउंडबॉक्सचा (पिन बसवलेल्या, आवाज काढणाऱ्या डबीचा) हात म्हणजे जाड पितळी नळी, इतकी जड की माझी एक चांगली तबकडी घासून राखाडी झाली. (पिन दर बाजूला नवी लावत होतो, तरीही.)

पोलीस ठाण्यात गेलो. ‘हे दिवाणी आहे.’ फसवणूक दिवाणी कधीपासून झाली? अर्ज घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या वेळी हद्द आमची नाही. एकाने तर विचारलं, ‘वाजतो ना? मग तक्रार कसली?’ वर हसले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तर दुकानदाराने ‘माल बघून घेतला’ एवढं कळवलं आणि तक्रार बंद! बंद कुणी केली, का केली, सांगायला माणूस नाही. आता ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, ती चुकवू नका. यूपीआयची नोंद आणि दुकानातले फोटो जपून ठेवा. रोख दिलेल्या ३२,५०० चा पुरावा माझ्याकडे नाही, तिथेच वकील अडलाय.

दुकान जोरात चालू आहे. दारात नवा फोनो मांडलाय, तसाच कर्णा, पाटीवर १९०२. भाव ४५,०००.