मेसच्या स्वयंपाकघरातला ग्रीज ट्रॅप: वापरून झाल्यावरचं मत

मी एका वसतिगृहाच्या मेसचं स्वयंपाकघर सांभाळते. महापालिकेच्या मलनिस्सारण विभागाची नोटीस आली की सार्वजनिक गटाराला जोडलेल्या मोठ्या स्वयंपाकघरांनी ग्रीज ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-चरबी गटारात जाण्याआधी अडवणारी पेटी, बसवलाच पाहिजे, आणि त्यानंतर आम्ही जमिनीत बसणारा, स्टेनलेस स्टीलचा, तीन कप्प्यांचा ट्रॅप घेतला. वर्षभराहून जास्त काळ तो रोज वापरात आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच बांधणीचे ट्रॅप बरेच जण बनवतात आणि मला बांधणीबद्दलच बोलायचं आहे. थोडक्यात सांगायचं तर वस्तू चांगली आहे, घ्यावी, आणि नोटिशीची वाट न बघता घ्यावी. पण ती नुसती बसवून मोकळं होता येत नाही. जो माणूस तिचं झाकण नियमित उघडणार आहे तो आधी ठरवा, मगच ऑर्डर द्या.

काम कसं चालतं ते अगदी साधं आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, एका लिटरचं वजन साधारण नऊशे ग्रॅम. पाण्याला थोडं शांत राहू दिलं तर तेल आपोआप वर येतं आणि खरकट्याचा गाळ खाली बसतो. पहिल्या कप्प्यात जाळीची बादली असते, तिच्यात अन्नाचे कण अडकतात. मधल्या कप्प्यात आडवी पत्र्याची भिंत असते, तिला बॅफल म्हणतात. पाणी तिच्या खालून पुढे जातं आणि तवंग अलीकडे अडतो. शेवटच्या कप्प्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड खाली, पाण्यात बुडालेलं असतं, म्हणून वरचं तेल त्यात शिरत नाही. मोटर नाही, वीज नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

फक्त पाण्याला वेळ मिळायला हवा. मोठ्या पातेल्यांचं सिंक भरून एकदम सोडलं की पाणी धाडकन येतं, तवंग ढवळला जातो आणि तेलासकट सगळं पुढे निघून जातं. त्यासाठी ट्रॅपच्या आधी प्रवाह आवरणारी चकती लागते, तिला फ्लो कंट्रोल म्हणतात. आमच्या ट्रॅपसोबत ती आलीच नव्हती. विक्रेत्याने ती वेगळी वस्तू असल्याचं सांगितलं, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. ज्या भागाशिवाय यंत्र काम करत नाही, तो खोक्यातच असायला हवा.

आता झाकण उघडल्यावर काय दिसतं ते सांगते, कारण विकणाऱ्यांच्या फोटोत हे कधीच नसतं. वर पिवळट-करडा थर असतो. थंडीत तो इतका घट्ट होतो की पळीने कापून काढावा लागतो, आणि कापलेल्या कडेवर जुन्या-नव्या तेलाच्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसतात. त्याखाली गढूळ पाणी आणि तळाशी काळा, चिकट गाळ. वास आंबूस येतो. गाळ फार दिवस राहिला तर सडक्या अंड्यांचा येऊ लागतो. आमची मावशी एक पारदर्शक नळी सरळ तळापर्यंत घालते, वरचं तोंड अंगठ्याने दाबून ती उचलते. नळीत तिन्ही थर एकावर एक उभे दिसतात आणि पट्टीने मोजता येतात. अनेक शहरांच्या नियमांत चौथाईचा हिशोब दिलेला असतो. वरचा तवंग आणि खालचा गाळ मिळून एकूण खोलीच्या एक चतुर्थांश झाले की ट्रॅप रिकामा करायचा. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. ‘महिन्यातून एकदा’ असं ठरवलं तर सुट्टीच्या दिवसांत उगाच उपसा होतो आणि गर्दीच्या दिवसांत ट्रॅप केव्हाच भरून वाहून गेलेला असतो. नळी मात्र खरं काय ते दाखवते.

बांधणीत झाकणाबद्दल माझी दुसरी तक्रार आहे. झाकणाखालची रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, काही महिन्यांतच कडक होऊन तडकली आणि स्वयंपाकघरात वास पसरू लागला. गॅस्केट बदलल्यावर वास थांबला. बाकी स्टील उत्तम आहे, वेल्डिंगच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत, साफ करताना हाताला कुठे लागत नाही. जाळीच्या बादलीला दोन्ही बाजूंना कडी आहे, त्यामुळे भरलेली बादलीही सरळ वर येते. बॅफल सरकवून बाहेर काढता येतो, आणि माझ्या मते हा या मॉडेलचा सगळ्यात मोठा गुण आहे. बॅफल पक्का जोडलेला असला तर त्याच्या मागची चरबी खरवडणं जवळपास अशक्य होतं.

बसवणाऱ्या प्लंबरने मात्र भांडी धुण्याच्या मशीनची लाइनही याच ट्रॅपला जोडून दिली होती. मशीनचं पाणी कढत असतं आणि त्यात तीव्र साबण असतो. कढत पाण्यात तेल पातळ राहतं, साबणामुळे त्याचे बारीक थेंब पाण्यात मिसळून राहतात, वर येतच नाहीत. ते पुढच्या पाइपात जातं, तिथे थंड होतं आणि पाइपाच्या भिंतीला चिकटतं. आम्ही ती लाइन वेगळी करून घेतली. बाथरूम-संडासाची लाइन तर ग्रीज ट्रॅपला चुकूनही जोडायची नसते, पावसाचं पाणीही नाही. पावसाचा लोंढा आला तर आतला तवंग-गाळ सगळा एका झटक्यात बाहेर जातो.

नियम कशासाठी आहे हे समजून घेतलं तर ट्रॅपचं मोल कळतं. भारतात पर्यावरण संरक्षण नियम 1986 खालच्या सर्वसाधारण मानकांनुसार सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीज लिटरला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. नदी-नाल्यात सोडायचं असेल तर ही मर्यादा 10 आहे. गंमत म्हणजे बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, त्याची गटारासाठीची मर्यादा 350 आणि नदीसाठीची 30 आहे. म्हणजे इतर घाणीला गटारात दहापटीहून जास्त मोकळीक, कारण पुढे शुद्धीकरण केंद्र आहे आणि ते काम त्याचं आहे. तेलाला मात्र जेमतेम दुप्पट. कारण तेल केंद्रापर्यंत नीट पोचतच नाही, ते वाटेतच पाइप बुजवतं.

आणि ते लोण्यासारखं मऊ राहत नाही. चरबी फुटून तिची आम्लं तयार होतात, ती काँक्रीटमधल्या आणि पाण्यातल्या कॅल्शियमला धरतात, आणि साबणासारखा कठीण दगड बनत जातो. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागातल्या गटारात 2017 साली असा गोळा सापडला होता, सुमारे 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा. त्यात चरबीबरोबर ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड गच्च बसलेले होते. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा नंतर तिथल्या संग्रहालयात लोकांना बघायला ठेवला.

लाइन तुंबली की पाणी साचतं, साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो वायू हवेपेक्षा जड असतो, खाली मॅनहोलमध्ये बसून राहतो. थोडा असताना घाण वास येतो, पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. आत उतरलेल्या माणसाला वाटतं हवा बरी झाली. भारतात 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये गटारात मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तरीही माणसं उतरवली जातात आणि मरतात. माझ्या सिंकमधून गेलेल्या तेलाने जर लाइन चोकअप झाली, तर ते काढायला कुणाला तरी बोलावलं जाणार, हे मला रोज डोळ्यासमोर दिसतं. ट्रॅप साफ करताना नाक मुरडणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगते की हा वास इथे घ्यायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो खाली जाऊन घ्यावा लागत नाही.

ट्रॅपमध्ये टाकायचं औषध विकायला बरेच जण येतात. एंझाइमचं किंवा जीवाणूंचं द्रावण, रोज झाकणभर ओता, साफ करायची गरजच नाही, असं सांगतात. घेऊ नका. यातली बरीचशी द्रावणं चरबी नाहीशी करत नाहीत, पातळ करून पुढे ढकलतात, आणि पुढच्या थंड पाइपात ती पुन्हा जमते. तुमच्या ट्रॅपमध्ये तवंग दिसत नाही म्हणून तुम्ही खूश, आणि रस्त्याखालची लाइन तुंबते. म्हणूनच कित्येक पालिका ट्रॅपमध्ये असलं काही टाकायला सरळ मनाई करतात.

महापालिकेच्या सेवेबद्दलही बोलायला हवं, कारण ट्रॅप हा त्या नियमाचाच भाग आहे. नोटिशीत ट्रॅपनंतर, सार्वजनिक गटाराला जोडणी होण्याआधी, नमुना घेण्यासाठी एक चेंबर बांधा असं होतं. सुरुवातीला आमच्या इथे सगळ्यांना तो नुसता खर्च वाटत होता. मला आता तो संपूर्ण नियमातला सगळ्यात चांगला भाग वाटतो. त्या चेंबरमध्ये नुसतं वाकून पाहिलं तरी पाण्यावर चकाकी आहे की नाही ते कळतं, प्रयोगशाळेची वाट बघावी लागत नाही. तपासणीला आलेल्या मॅडमनी नोंदवही मागितली, कधी उपसला, किती निघाला, कुणी नेला. उपसलेला गाळ परवानाधारक गाडीलाच द्यायचा, पावसाळी गटारात किंवा समोरच्या मॅनहोलमध्ये ओतायचा नाही, हेही त्यांनी नीट समजावलं. तळणीचं वापरलेलं तेल तर ट्रॅपमध्येही जाऊ द्यायचं नाही, डब्यात साठवून द्यायचं, त्याचं बायोडिझेल होतं.

जे खटकलं ते असं की त्यांनी झाकण उघडायला सांगितलं नाही. वही तपासली, चेंबर पाहिला आणि गेल्या. वही कुणीही भरू शकतं. नळी घालून थर मोजायला पाच मिनिटं लागतात, आणि तपासणीत ती पाच मिनिटं सक्तीची असायला हवीत असं मी त्यांना तिथेच म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

नवीन ट्रॅप घेणार असाल तर आकार ताटांच्या संख्येवरून ठरवू नका. सगळी सिंकं एकदम सोडली तर मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते मोजा आणि त्याला पुरेल असा घ्या. बाहेर जमिनीत बांधायची मोठी टाकी असेल तर पाणी तिच्यात साधारण अर्धा तास थांबेल एवढी ती हवी. झाकण पूर्ण उघडणारं आहे का, बॅफल निघतो का, ते दुकानात स्वतः हाताने करून बघा. ओट्याखाली कोपऱ्यात बसवू देऊ नका, माणूस गुडघे टेकून बसेल आणि बादली सरळ वर येईल एवढी जागा वर हवी. आणि गॅस्केट पहिल्याच दिवशी दोन जास्तीची मागून घ्या.