ओटीपी दिला नाही, लिंक उघडली नाही, तरी ६१,४०० रुपये गेले

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं, लाज वाटते म्हणून. माझ्या फ्रीलान्सिंगच्या साइटवरच्या अकाउंटमधनं आधी ४०,००० आणि अकरा मिनिटांनी उरलेले २१,४०० गेले. ना कुणाचा फोन, ना लिंक, ना ओटीपी.

मी निष्काळजी नाहीये हो. प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड, सोळा अक्षरी. एवढे कुणाच्या लक्षात राहतात, म्हणून क्रोमने सेव्ह करू का विचारलं की हो म्हणायचं, सगळेच म्हणतात. बघायला गेलं की पिन मागतो, मला वाटायचं चांगलं कुलूप आहे. पण ते कुलूप फक्त समोर बसलेल्या माणसासाठी. विंडोजवर तुमच्याच लॉगिनखाली चालणारा प्रोग्राम क्रोमच्या पासवर्डांच्या फाइलची किल्ली सरळ विंडोजकडनं मागून घ्यायचा, २०२४ मध्ये क्रोमने जादा संरक्षण घातलं तर चोरांनी काही आठवड्यांत त्यातनंही वाट काढली. फायरफॉक्सवाल्यांनो, सेव्ह केलेल्या पासवर्डांना कुलूप लावणारा प्रायमरी पासवर्ड आपणहून चालू होत नाही, आत्ता जाऊन करा.

आता ज्याने झोप उडालीये ते. पीडीएफ एडिट करायचं फुकटचं टूल हवं होतं, काम रात्रीच द्यायचं होतं. झिप फाइलला पासवर्ड होता आणि शेजारच्या नोटपॅडमध्ये लिहिलेलं, 'इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा'. एवढ्याशा टूलची फाइल सातशे एमबीची. हे सगळं मी वाचलं, डोळ्यांनी वाचलं, आणि तरी बंद केला! काळी खिडकी क्षणभर चमकून गेली, पुढे काहीच नाही, मला वाटलं टूल चालत नाहीये. तेवढ्यात पासवर्ड आणि कुकीज (आपण लॉगिन आहोत हे साइटला सांगणाऱ्या ब्राउझरच्या नोंदी) दोन्ही गेले. कुकी मिळाली की लॉगिन झालेलं सेशनच त्यांच्या हातात, मग टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर मागतात तो कोड, असून काय उपयोग. मेलमध्ये शिरून त्यांनी फिल्टर लावला, पैसे काढायचे कोड आले ते थेट ट्रॅशमध्ये. तुमच्या मेलचे फिल्टर बघून घ्या.

बँक म्हणाली पैसे साइटवरच्या अकाउंटमधनं गेलेत, साइटवाल्यांना विचारा. साइटवाले म्हणाले पासवर्ड बरोबर होता, कोड बरोबर होता, म्हणजे तुम्हीच काढलेत. पोलिसांच्या फॉर्ममध्ये 'ओटीपी कोणाला दिला' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येईना. कुणालाच नाही म्हटलं तर साहेब म्हणतात, नीट आठवा मॅडम, दिला असणार. रेडलाइन नावाच्या असल्याच चोर प्रोग्रामचे सर्व्हर ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी बंद पाडले, मग इथे मला हा प्रकार पहिल्यापासून का समजावून सांगायला लागतो? तीन चकरा झाल्या, तिन्ही वेळा वेगळा माणूस, आणि तीच गोष्ट परत पहिल्यापासून.

आणि हो, पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवर बदलू नका, मी बदलले आणि नवेही गेले. दुसऱ्या मशीनवरनं, आधी मेलचा, मग सगळीकडचे सेशन लॉगआउट. जुन्यावर विंडोज नव्याने टाकलं. वेगळा पासवर्ड मॅनेजर घेतलाय, पण मेल आणि पैशांचे पासवर्ड वहीत लिहिलेत, टू-स्टेपचे कोड फोनवर.

तक्रारीचा आज एकोणिसावा दिवस. स्टेटस अजून 'प्रलंबित'.