पाटी १०५० टीआयची, चिप २०१० सालची

पहिल्या संध्याकाळी टीव्हीवर चित्र आलं, अ‍ॅम्प्लिफायरच्या पट्टीवर डॉल्बी ट्रूएचडी, म्हणजे सिनेमाच्या उच्च दर्जाच्या आवाजाचं नाव, ही अक्षरं उमटली आणि मी खुशीत वापरलेलं ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्याला कळवून टाकलं, 'कार्ड उत्तम आहे, आभारी आहे.' पुढचं सगळं नुकसान त्या एका निरोपामुळे झालं.

हॉलमधल्या टीव्हीखाली ठेवायला एक छोटा, आवाज न करणारा कंप्युटर जुळवायचा होता. ऑफिसातून निवृत्त झालेला पातळ कॅबिनेटचा डेस्कटॉप हाताशी होता: चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. त्यात एसएसडी बसवली, कोडी हा सिनेमे चालवणारा प्रोग्रॅम टाकला, रिमोटचा रिसीव्हर लावला. साधे १०८०पी सिनेमे मजेत चालायचे. गाडं अडायचं ते ४के एचईव्हीसी फाइलवर. एचईव्हीसी म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाइलमध्ये बसवण्याची एक पद्धत. त्या पिढीचा प्रोसेसर हा फॉरमॅट हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाही. सगळं ओझं कोअरवर पडतं, पंखा बोंब मारायला लागतो आणि चित्र ठेचा खात पुढे सरकतं.

यावरचा उपाय ठरलेला आहे. अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल ग्राफिक्स कार्ड घ्यायचं. तेही स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागणारं, कारण असल्या डब्यातल्या पॉवर सप्लायला कार्डासाठी वेगळी वायर सहसा नसते. या अटींत बसणारं कार्ड म्हणजे एनव्हीडियाचं २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय. ७६८ कोअर, ४ जीबी मेमरी, एचडीएमआय २.०, दहा बिटांचं एचईव्हीसी हसतखेळत. नवं मिळेना, म्हणून वापरलेलं शोधायला लागलो आणि एका ऑनलाइन बाजारात सापडलं.

किंमत चालू भावाच्या निम्म्याहून थोडी वर. हे मुद्दाम सांगतोय. पाव किमतीत असतं तर मलाही वास आला असता. माणूस फुकटाला बिचकतो, पण 'बरी सूट मिळतेय' म्हटलं की आपलीच हुशारी समजतो.

विक्रेता बोलायला गोड. प्रश्न विचारला की पाच मिनिटांत उत्तर. कार्ड चालतंय असा व्हिडिओही त्यानं पाठवला. त्यात विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव स्पष्ट दिसत होतं. दोन गोष्टी तेवढ्या त्यानं आवर्जून सांगितल्या. एक, 'सर, कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकू नका, या मॉडेलला तो सूट होत नाही. सोबत सीडी दिलीय, तीच वापरा.' दोन, 'वस्तू मिळाल्याचं त्याच दिवशी कन्फर्म केलंत, तर माझ्याकडून एक वर्षाची वॉरंटी.' दोन्ही मी इमानेइतबारे पाळल्या. सीडी वाचायला शेजाऱ्याकडून ड्राइव्ह मागून आणला, हे सांगायलाही आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ४के फाइल लावली. चित्र आधीसारखंच अडखळत होतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये गेलो तर ३८४० गुणिले २१६० हा ४केचा पर्यायच नाही, १०८०पीवर यादी संपलेली.

इथून पुढचे सतरा दिवस विक्रेत्यानं मला ज्या वाटेनं फिरवलं, ती वाट सगळ्यांनी नीट पाहून ठेवावी. त्यानं सांगितलेलं प्रत्येक कारण खरं होतं. म्हणजे माझ्या बाबतीत खरं नव्हतं, पण जगात तसं होतं खरोखर. 'केबल जुनी असेल.' बरोबर आहे, ४के सेकंदाला ६० फ्रेमनं न्यायचं तर १८ गिगाबिट पेलणारी केबल लागते. नवी आणली. 'टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचं सेटिंग वाढवावं लागतं.' हेही बरोबर, कित्येक टीव्हींवर पूर्ण वेगाचा सिग्नल पोर्टनिहाय चालू करावा लागतो. केला. 'मधला अ‍ॅम्प्लिफायर अडवत असेल.' असतात तसे जुने रिसीव्हर. तो काढून थेट जोडलं. मग बायोस अपडेट, मग विंडोज नव्यानं टाका, मग कोडीमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का बघा. होतं. प्रत्येक पायरीला दोन-तीन दिवस जात होते आणि त्याचं उत्तर मात्र आता पाच मिनिटांऐवजी दुसऱ्या दिवशी येत होतं. परतीची मुदत होती पंधरा दिवसांची.

आणि आवाज! आवाजात काही म्हणजे काही खोट नव्हती. त्यामुळे कार्डावर संशय घ्यायला मन धजेना. एवढं सगळं नीट चालतंय, तेव्हा गडबड माझ्याच जोडणीत असणार, असं मी धरून चाललो.

अठराव्या दिवशी भाचा आला होता. डब्याच्या मागे वायर शोधायला वाकला आणि म्हणाला, "मामा, १०५० टीआयला व्हीजीए कुठून आलं?"

निळा, पंधरा भोकांचा पोर्ट. मी तो पहिल्या दिवसापासून पाहत होतो. उलट 'जुना मॉनिटरही लागेल' म्हणून मनात खूश झालो होतो. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीचं, त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. एनव्हीडियानं तो भागच काढून टाकलेला. म्हणजे पाटीवर काहीही लिहिलेलं असो, पोर्ट चुगली करत होता.

भाच्यानं जीपीयू-झेड नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवला. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात 'फेक' असा शिक्का आणि चिपच्या रकान्यात जीएफ१०८. एनव्हीडियाची २०१० मधली फर्मी पिढी. ९६ कोअर, म्हणजे सांगितल्याच्या एक अष्टमांश. पाटीवरची ४ जीबी मेमरीही तितकीच खरी असणार. एचईव्हीसी हे मानकच २०१३ मध्ये मंजूर झालं, तेव्हा तीन वर्षं आधी जन्मलेल्या चिपला ते यावं तरी कसं? गंमत म्हणजे जीएफ१०८ वरचं मूळ कार्ड, जीटी ४३०, त्या काळी घरच्या थिएटरसाठी बरं मानलं जायचं. एचडीएमआयवरून ट्रूएचडी आणि त्याच जातीचा डीटीएस-एचडी आवाज जसाच्या तसा बाहेर काढणं ही त्याची खासियत होती. म्हणूनच आवाज निर्दोष! बिचारं कार्ड आपलं काम चोख करत होतं, खोटं बोलत होता तो त्याच्यावरचा बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारा प्रोग्रॅम.

ही लबाडी चालते कशी, तेही सांगतो. प्रत्येक कार्डावर एक छोटी मेमरी चिप असते. 'मी अमुक मॉडेल, माझी मेमरी इतकी' ही ओळख तिच्यात लिहिलेली असते. भामटे तीच नव्यानं लिहितात आणि वर नवा पंखा, नवं स्टिकर लावतात. ड्रायव्हर ती ओळख वाचतो, विंडोज ड्रायव्हरचं ऐकतं आणि आपण विंडोजचं. डिव्हाइस मॅनेजर, विंडोजचंच डीएक्सडायग, सगळे एकाच साक्षीदाराकडून ऐकून बोलतात, आणि तो साक्षीदार फितूर. सीडीचा आग्रहही याचसाठी. अधिकृत नवा ड्रायव्हर टाकला की चिपशी मेळ बसत नाही, स्क्रीन काळा पडतो किंवा विंडोज कार्डच बंद करतं. फर्मीला नवे ड्रायव्हर मिळणं तर २०१८ मध्येच थांबलंय. जीपीयू-झेड मात्र नावावर न जाता चिपकडे बघतो. असली कार्डं ओळखण्याची सोय त्यात २.१२ या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१८ पासून आहे. मी कार्ड घेतलं तेव्हा ती होतीच. वापरली नाही.

विक्रेत्याला स्क्रीनशॉट पाठवला. निळ्या दोन रेघा दिसल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं खातंच गायब. बाजारपेठेच्या मदत कक्षाकडून ठरावीक उत्तर आलं: खरेदीदारानं वस्तू चांगली असल्याचं पहिल्याच दिवशी कन्फर्म केलेलं आहे, मुदत संपलेली आहे. माझाच निरोप पुरावा म्हणून मला परत पाठवला होता, 'आभारी आहे' सकट. ती एक वर्षाची वॉरंटी? ती खात्याबरोबरच गेली.

वापरलेलं कार्ड घेणाऱ्यांनी आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवावा आणि कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरच्या फोटोशी पोर्ट जुळवून बघावेत. हे पैसे देण्याआधी होतं आणि फुकट होतं. कार्ड आल्यावर जीपीयू-झेड, मग अधिकृत ड्रायव्हर, मग दहा बिटांची ४के एचईव्हीसी फाइल, याच क्रमानं. फाइल चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलला पाहिजे आणि प्रोसेसर निवांत पाहिजे. कोडीत चालू सिनेमावर कीबोर्डचं 'ओ' दाबलं तर डिकोडर हार्डवेअरचा आहे की सॉफ्टवेअरचा, तेही दिसतं. अर्ध्या तासाचं काम आहे. ते होईपर्यंत कन्फर्मच्या बटणाला हात लावू नये, समोरचा कितीही वर्षांची वॉरंटी देवो. तक्रार असेल तर ती पहिल्याच दिवशी बाजारपेठेकडे रीतसर नोंदवावी. विक्रेत्याशी खाजगीत केबल-केबल खेळत बसलं की मुदत निघून जाते, आणि त्याला हवं असतं तेच.

मी शेवटी तो जुना डबा हॉलमधून काढला आणि इंटेल एन१०० चा हातभर अंतरावरही ऐकू न येणारा मिनी पीसी ठेवला. ६ वॉटचा प्रोसेसर, पण एचईव्हीसी काय, त्याहून नवं एव्ही१ सुद्धा हार्डवेअरमध्ये उलगडतो. वेगळं कार्ड लागतच नव्हतं. हे आधी कुणाला विचारलं असतं तर... असो.

बनावट कार्ड बरेच दिवस खणात पडून होतं. परवा एका ओळखीच्यानं मागितलं, त्यांच्याकडे व्हीजीएचाच मॉनिटर आहे. देताना पंख्यावरचं स्टिकर खरवडून काढलं आणि मार्करनं लिहिलं: जीएफ१०८, २०१०, ४के चालत नाही.