फोटोच्या कामाला ओएलईडी लॅपटॉप की आयपीएस मॉनिटर?

लग्नाचे, यात्रेचे फोटो घरीच एडिट करायचे आणि पैसे एकाच पडद्यावर घालायचे, तर कुठला घ्यावा? मी दोन्ही वापरलेत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

दिसायला ओएलईडीला तोड नाही. त्याचा पिक्सेल स्वतःच उजळतो आणि काळ्या जागी पूर्ण विझतो. रात्रीच्या रंकाळ्याचं पाणी त्यावर खरंच काळंभोर दिसतं. आयपीएस हा एलसीडी पडद्याचा प्रकार, त्यावर मागच्या दिव्यामुळे त्याच पाण्याला राखाडी झाक येते. इथं आयपीएसची बाजू घेण्यात अर्थ नाही.

माझं घोडं अडलं ते गुलालावर. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर फोटो काढलेल्याला विचारा, हा रंग कॅमेऱ्यालाच जड जातो. फोटोतला लाल चॅनल २५५ला, म्हणजे त्याच्या कमाल आकड्याला टेकतो आणि सासनकाठी धरलेल्याच्या चेहऱ्यावरचे बारकावे गुलाबी थरात बुडतात. ते जपत बसावं, तर पडदाच साथ देत नाही. बहुतेक ओएलईडींचा रंगांचा आवाका पी-थ्री या सिनेमातून आलेल्या रंगमापाच्या आसपास, म्हणजे वेबवर सर्रास चालणाऱ्या १९९६च्या एसआरजीबी या रंगमापापेक्षा मोठा. फोटो आपण देतो मात्र एसआरजीबीत. एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रोफाइल, म्हणजे फोटोचा नि पडद्याचा रंग कसा वाचायचा याची नोंद, वाचून रंग जागेवर ठेवतं, पण विंडोजवरचं प्रत्येक सॉफ्टवेअर ती तसदी घेत नाही. मग एकाच लॅपटॉपवर, शेजारशेजारच्या दोन खिडक्यांत तोच फोटो: एकीकडे गुलाल, दुसरीकडे पेटलेली निऑनची नळी. खरी खिडकी कुठली हे ठाऊक असतं, तरी डोळा भडक रंगाला सरावतो आणि मूळ फोटो फिका वाटायला लागतो. रोज हेच. बऱ्याच लॅपटॉपांत एसआरजीबी मोड असतो, तो लावला की त्रास बराच कमी होतो, हे मान्य. पण मग जादा पैसे कशाचे मोजले?

साध्या, एसआरजीबीपुरत्या आयपीएसवर दोन्ही खिडक्यांतला गुलाल जवळपास सारखाच.

‘गिऱ्हाईक फोनवरच बघणार, मग ओएलईडीच बरा’ असंही म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण कुठला फोन? कुणाचा व्हिव्हिड मोडवर, कुणाचा नॅचरलवर, आयफोनवाल्याचा ट्रू टोन (खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग बदलणारी सोय) चालू, आणि रात्री सगळ्यांचेच पडदे पिवळट. या सगळ्यांना पुरून उरेल असा फोटो मला तरी मधल्याच, म्हणजे साध्या एसआरजीबीच्या पडद्यावर जमतो. शिवाय अल्बमच्या बऱ्याच लॅबही एसआरजीबीच मागतात.

प्रिंट गडद येण्याचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. पडद्याचा ब्राइटनेस १०० ते १२० निट्सच्या (उजेड मोजायच्या एककाच्या) आसपास उतरवला की ते बरंचसं जातं.

काम फिरतीवर असेल तर मॉनिटर पाठीवर घेऊन हिंडता येत नाही, तेव्हा ओएलईडी घ्या, काही बिघडत नाही. बाकीच्यांनी दुकानात जाताना पेनड्राइव्हवर गुलालाचा एक फोटो न्यावा आणि तो ब्राउझरमध्ये व साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये शेजारी शेजारी उघडायला लावून दोन्हीकडचा रंग सारखा दिसतो का ते बघावं. डेमोचे व्हिडिओ काय, कुठल्याही पडद्यावर झकासच दिसतात.