रिक्रूटमेंट अ‍ॅडव्हायजर: परदेशी घरकामाला जायच्या आधी ही साइट उघडाच

परदेशी कामाला जायचं ठरलं की घरात सगळे पगाराचंच बोलतात, एजन्सी कशी आहे हे विचारायचं राहूनच जातं, आणि विचारणार तरी कोणाला, त्या एजंटलाच ना? म्हणून ही साइट मला फार कामाची वाटते. कामगार संघटनांची जी जागतिक संघटना आहे, आयटीयूसी, तिने आयएलओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कामगारविषयक संघटनेच्या, मदतीने २०१८ मध्ये 'रिक्रूटमेंट अ‍ॅडव्हायजर' सुरू केली. हॉटेलला आपण स्टार देतो तसे इथे परदेशी नोकरी लावणाऱ्या एजन्सींना जाऊन आलेले कामगार स्टार देतात. सुरुवात नेपाळ, इंडोनेशिया, फिलिपिन्स, केनिया अशा देशांपासून झाली, म्हणजे जिथून बायका मोठ्या संख्येने घरकामाला बाहेर जातात तेच देश.

मला सगळ्यात पटलं ते हे की स्टार कशावरून द्यायचे याला पाया आहे. आयएलओची २०१६ ची भरतीची तत्त्वं आहेत, त्यावर हे उभं आहे आणि त्यातली मुख्य गोष्ट अशी की नोकरी लावून द्यायचे पैसे कामगाराकडून घ्यायचेच नाहीत, तो खर्च मालकाचा. हे कितीजणींना माहीत असतं? दागिने गहाण टाकून, व्याजाने काढून पैसे भरतात आणि मग घर कितीही वाईट मिळालं तरी कर्ज फिटेपर्यंत परत येता येत नाही. नुसता हा एक मुद्दा वाचून एखादी एजंटला 'पैसे कसले, पावती द्या' म्हणाली तरी खूप झालं.

मग काँट्रॅक्ट. निघताना एका कागदावर सही घेतात, तिकडे उतरल्यावर दुसराच कागद पुढे येतो, न कळणाऱ्या भाषेत, पगार कमी, घरकामासोबत म्हाताऱ्यांचं आणि पोरांचंही बघायचं, आणि पासपोर्ट तर विमानतळावरच स्पॉन्सरच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाच्या, खिशात गेलेला असतो. घरकामगारांसाठी आयएलओचा २०११ चा १८९ नंबरचा करार आहे, तो सरळ सांगतो की देश सोडण्याआधी अटी लेखी मिळाल्या पाहिजेत, पासपोर्ट स्वतःजवळ राहिला पाहिजे, आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी पाहिजे. फिलिपिन्सने तो २०१२ मध्येच मान्य केला पण आखातातल्या एकाही देशाने केलेला नाही, म्हणजे पाठवणारा देश बांधील आणि जिथे राबायचं तो मोकळा! कुवेतने २०१५ मध्ये आणि कतारने २०१७ मध्ये घरकामगारांसाठी वेगळे कायदे केले हे चांगलंच झालं, तरी जिथे व्हिसा मालकाशी बांधलेला असतो तिथे मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई फरार ठरते.

आता साइट कुठे कमी पडते ते. स्टार एजन्सीला मिळतात, घराला नाही. कारखान्यात शेकडो माणसं एकाच मालकाकडे असतात, त्यांचे अनुभव जुळतात, घरकामात प्रत्येकीचं घर वेगळं, त्यामुळे एकीचे पाच स्टार बघून दुसरीला कसं घर मिळेल ते सांगता येत नाही. गावात येऊन घरच्यांना पटवणारा सबएजंट तर लायसन्सच्या कुठल्याच यादीत नसतो. आणि सगळ्यात मोठी अडचण, जिचा मोबाईल काढून घेतलाय, जिला सुट्टीच नाही, तिचा रिव्ह्यू येणार कुठून? म्हणून एजन्सीखाली वाईट रिव्ह्यू नाहीत म्हणजे ती चांगली असं अजिबात समजू नका. युनियनच्या लोकांनी परत आलेल्या बायकांना घरी जाऊन भेटायचं, त्यांचं ऐकून माहिती भरायची, हे काम खूप वाढायला हवं, आणि पैसा वेबसाइट सजवण्यापेक्षा यावर घालावा असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. जाणार असाल तर घरच्यांना सोबत घेऊन बघा, एजन्सीचं नाव लायसन्सवर आहे तसंच टाकून शोधा, आणि काही सापडलं नाही तरी फी, काँट्रॅक्ट, पासपोर्ट हे तीन प्रश्न एजन्सीला तोंडावर विचारा. काँट्रॅक्टचा आणि पासपोर्टचा फोटो घरी कोणाकडे तरी ठेवून जा. आणि जाऊन आलेल्या ताईंनो, तुम्ही रिव्ह्यू नक्की द्या, पैसे किती घेतले आणि कोणी, पासपोर्ट कोणाकडे होता, सुट्टी मिळायची का, पगार ठरला तेवढा हातात आला का, एवढं लिहिलंत तरी पुढचीला पुरेल.