21 हजारांच्या अलीकडे आणि पलीकडे: घरातलं कोण कुठे बसतं?

चाकणला वीस हजारांची नोकरी आहे, ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा, महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठीची सरकारी योजना) कापला जातो. दुसरीकडे चोवीस हजार मिळतायत, पण तिथे ई.एस.आय. नाही, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी एकत्र काढलेला आरोग्य विमा आहे. हो म्हणण्याआधी घरातली माणसं मोजा. ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे.

ई.एस.आय.मध्ये तो कायद्याने ठरवलाय, एचआरच्या मर्जीवर नाही. नवरा किंवा बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं आली, दत्तकही. अठरानंतर मुलगा शिकत असेल तरच, तोही 21पर्यंत. मुलीला वयाची अट नाही, लग्न होईपर्यंत ती आत. अपंगत्वामुळे सर्वस्वी तुमच्यावर अवलंबून असलेलं मूल वय वाढलं तरी राहतं.

मेख आहे आईवडिलांपाशी. पेन्शन, शेती, भाडं सगळं धरून त्यांचं उत्पन्न महिना 9,000च्या आत हवं. वडील झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाले असतील तर विषयच संपला. शेतमजुरी करून थकलेले असतील, तर मात्र याहून चांगलं काही शोधून सापडणार नाही: तुमच्या पगारातून फक्त 0.75 टक्के जातात, जुना मधुमेह कुणी विचारत नाही आणि उपचारांच्या खर्चाला ठरावीक रकमेची मर्यादा नाही. पुण्यात बिबवेवाडीच्या ई.एस.आय. हॉस्पिटलात रांगेत उभं राहायची तयारी तेवढी ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत (ई.एस.आय. आता याच कायद्यात येतो) नोकरदार सुनेचे अवलंबित सासू-सासरेही कुटुंबात आलेत. जावयाला ही सोय नाही!

ग्रुप मेडिक्लेममध्ये कंपनीने विमा कंपनीशी जे ठरवलं, तेच कुटुंब. बहुतेक ठिकाणी जोडीदार आणि दोन मुलं, मुलांचं वय बरेचदा 25पर्यंत. म्हणजे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या बाविशीच्या मुलासाठी हीच बाजू बरी. आईवडील कुठे असतात, कुठे नसतात, कुठे वेगळा हप्ता पगारातून कापतात. अनेकदा आईवडील किंवा सासू-सासरे, एकच जोडी निवडावी लागते. एकीकडची आई आणि दुसरीकडचे सासरे असं चालत नाही. पेन्शनचा प्रश्न सहसा येत नाही, म्हणून त्या निवृत्त गुरुजींना दार इथेच उघडं. ऑफर लेटरवर ‘फॅमिली कव्हर’ एवढंच असेल तर पॉलिसीची प्रत मागा.

लग्न झालं, बाळ झालं की नाव लगेच कळवा. ग्रुप पॉलिसीत त्याला मुदत असते, बऱ्याच ठिकाणी 30 दिवस. ती हुकली तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

नोकरी सुटली की ग्रुपचं छत्र साधारण त्याच दिवशी जातं. त्यामुळे गुरुजींसाठी स्वतंत्र पॉलिसीही आत्ताच पाहा. जुन्या आजारांसाठी थांबावं लागेल, पण जास्तीत जास्त 3 वर्षं. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, ग्रुपवर आहे.