मुंबईचा पाऊस खरा होता, लॉजवाला खोटा

पावसाळ्यात पेशंटला घेऊन मुंबईला निघालेल्या प्रत्येकाने, विशेषतः आमच्यासारख्या विदर्भ-मराठवाड्यातून जाणाऱ्यांनी, हे निघण्याआधी वाचावं म्हणून लिहितोय. 2025 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडून 16,001 रुपये उकळले गेले. पैसा गेला त्याचं दुःख आहेच. पण ऑपरेशनला दाखल व्हायचा माणूस भर पावसात, रस्त्याच्या कडेला, पिशव्यांवर बसून राहिला, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

भाऊजींना परळच्या एका रुग्णालयात 20 ऑगस्टची तारीख मिळाली होती. ताई, भाऊजी आणि मी, असे तिघे अकोल्याहून जाणार. परळ-दादर भागात पेशंटच्या नातेवाइकांना उतरण्यासाठी धर्मशाळा आहेत, पण तिथे जागा मिळणं कठीण, म्हणून रुग्णालयापासून चालत जाता येईल असा लॉज मी मोबाईलच्या नकाशावर शोधला. नाव, फोटो, पत्ता, लोकांचे अभिप्राय सगळं होतं. त्याखाली दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत, अतिशय आदबीने बोलला. पेशंट कोण, आजार काय, जिना चढता येतो का, हे त्याने स्वतःहून विचारलं. "काका, तळमजल्याची खोली देतो, कमोड आहे, गरम पाणी सकाळी सहाला सुरू होतं," असं म्हणाला. भाडं दिवसाला 1,600 रुपये. एका दिवसाचं आगाऊ भाडं, तिघांच्या आधार कार्डांचे फोटो आणि पेशंटसोबत राहणाऱ्या बाईंचा नंबर, इतकंच त्याने मागितलं. पैसे पाठवताना स्क्रीनवर लॉजचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला, मालकांच्या भाच्याचं खातं आहे, लॉजच्या खात्याचं काम बँकेत अडकलंय. लगेच शिक्का मारलेली पावतीही आली.

इथपर्यंत पावसाचा काही संबंध नव्हता. तो आला 18 तारखेला, सोमवारी. हवामान खात्याने मुंबईला रेड अलर्ट दिला होता. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडण्याची शक्यता असते तेव्हा हा इशारा देतात. सगळ्या वाहिन्यांवर तुंबलेले रस्ते दिसत होते. आम्ही स्टेशनवर जायला निघालो आणि त्या लॉजवाल्याचा फोन आला. "काका, बातम्या बघताय ना? शाळांना सुट्टी दिली आहे. गाड्या रखडल्यात, बाहेरगावची माणसं अडकलीत, माझ्या काउंटरवर रांग लागलीये. तुमची खोली मी अडवून ठेवलीये, पण मालक ऐकत नाहीत. पाचही दिवसांचे पूर्ण भरले तरच ठेवतो." उरलेले 6,400 रुपये मी तिथूनच पाठवले.

त्याने त्या दिवशी सांगितलेल्या गोष्टी नीट बघा. रेड अलर्ट खरा होता. सुट्टी खरी होती. गाड्या खरोखर रखडल्या होत्या. हे सगळं मी स्वतः टीव्हीवर पाहिलेलं होतं, त्याने ते फक्त मला पुन्हा ऐकवलं आणि त्यात आपलं एक खोटं वाक्य घातलं. पावसाळ्यातल्या फसवणुकीचा सगळा डाव हाच आहे. एरवी खोली जाईल असं कोणी म्हटलं तर आपण दुसरी बघतो. शहर पाण्यात असताना आजारी माणसाला घेऊन दुसरी खोली कुठे शोधायची, ही धास्ती त्यांना नेमकी ठाऊक असते.

दुसरा घाला त्यांनी ताईवर घातला, तो तर फार हिशेबाने. आमची तिकिटं वेगवेगळ्या डब्यांत होती. ती दोघं एसीत, मी स्लीपरला. पहाटे गाडी कसारा घाटात शिरली. बोगद्यांच्या त्या भागात माझ्या कंपनीची रेंज गेली. ताईच्या फोनला मात्र होती. त्याने तिला गाठलं. "काकू, तुमच्या भावाचा फोन लागत नाहीये. त्यांनी दोन वेळा तुकड्यात पैसे पाठवले, त्यामुळे सिस्टीममध्ये बुकिंगशी रक्कम जुळत नाही. तुम्ही एकदम 8,001 पाठवा, एन्ट्री जुळली की आधीचे 8,000 आपोआप परत येतात. रात्रीपासून दादरला माणसं पावसात उभी आहेत, काकू. मी किती वेळ अडवू?" समोरच्या बर्थवर तापाने फणफणलेला नवरा, बाहेर काळोख आणि पाणी. तिने पाठवले.

मग त्याने तिला क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करून पिन टाका, 8,000 परत जमा होतील. तोवर कसारा मागे पडला होता, माझा फोन सुरू झाला आणि तिने मला विचारलं. मी नको म्हटलं. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, तोंडपाठ करून ठेवायला सांगा: आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. असा कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. "रक्कम जुळत नाही, पुन्हा पाठवा" हेही कुठल्याच खऱ्या लॉजमध्ये घडत नाही. खऱ्या मॅनेजरला चुकीची रक्कम आली तर तो वहीत लिहून घेतो, उरलेलं काउंटरवर मागतो.

गाडी उशिरा कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला लागली. बाहेर गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी. टॅक्सीचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत असतं. पण एक गोष्ट नोंदवायलाच हवी. तिथून परळ दहा-अकरा किलोमीटर. काळी-पिवळीचं मीटर 2025 च्या फेब्रुवारीपासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, पुढे किलोमीटरला 20.66 होतं, म्हणजे खोळंबा धरूनही दोनशे ते तीनशेत बसणारा प्रवास. मीटर "पाण्यामुळे बिघडला" होता. ठरले 1,200, आणि उतरताना वर 200 मागितले, "फ्री वेचा टोल" म्हणून. चेंबूरहून शहरात जाणाऱ्या त्या ईस्टर्न फ्री वेला टोल नाही. आणि आमची गाडी त्या रस्त्याला लागलीही नव्हती, सायन-किंग्ज सर्कलच्या पाण्यातूनच आली होती. रिक्षावालाही "परळला सोडतो" म्हणत मागे लागला होता. रिक्षांना सायन आणि माहीमच्या पुढे शहरात परवानगीच नाही. तो मध्येच कुठेतरी उतरवणार आणि पुन्हा दुसरी गाडी शोधायला लावणार. माझं मत स्पष्ट आहे, त्या परिस्थितीत पेशंट सोबत असेल तर जास्तीचे पैसे देऊन टॅक्सी घ्यावी, पण खोट्या टोलचे देऊ नयेत. मी दिले नाहीत, गाडीचा नंबर मात्र टिपून घेतला.

लॉज होता. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तोच पत्ता, तोच फोटोतला जिना, तीच पाटी. आणि काउंटरवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला कागद: "आम्ही फोनवर आगाऊ पैसे घेत नाही. इंटरनेटवरील नंबर आमचा नाही." मॅनेजर आमच्याकडे बघून काय झालं ते न सांगताच समजला. त्याने भाऊजींना आत बसवलं, चहा मागवला. खोली एकही नव्हती, त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. नकाशावरच्या कुठल्याही दुकानाची किंवा लॉजची माहिती "बदल सुचवा" म्हणून कोणीही बदलायला पाठवू शकतो, आणि ती मंजूर झाली की सगळ्यांना तोच नंबर दिसतो, हे त्याने मला तिथे समजावलं. तो दुरुस्त करतो, काही दिवसांनी पुन्हा खोटा नंबर चढतो. रुग्णालयांच्या, देवस्थानांच्या आसपासची निवासस्थानं यासाठी हेरली जातात, कारण तिथे येणारा माणूस परका असतो, अडलेला असतो. केदारनाथच्या हेलिकॉप्टरपासून भक्तनिवासांच्या खोल्यांपर्यंत अशा खोट्या बुकिंगबद्दल केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानेही 2025 मध्ये लोकांना सावध केलं होतं.

त्याच काउंटरवरून मी 1930 लावला. सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय मदतवाहिनी. लाईन मिळायला वेळ लागला, पण मिळाली. त्यांनी विचारलं ते हाताशी ठेवा: कोणत्या बँकेतून पैसे गेले, किती वाजता, कोणत्या यूपीआय आयडीवर, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक. तो पेमेंट ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर सविस्तर तक्रार भरली, स्क्रीनशॉट जोडले, खोटी पावतीही जोडली. फोन करायला जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. मी सोमवारपर्यंत पाठवलेले 8,000 एटीएममधून काढून झाले होते. ताईने पहाटे पाठवलेले 8,001 त्या खात्यात अजून होते, आणि बँकेने ते तिथेच रोखून धरले. काही तासांचा हा फरक आहे, म्हणून सांगतो, लाज वाटते किंवा "आधी खोली बघू, मग तक्रार करू" असं वाटतं, तरी आधी फोन करा.

पोलिसांत गेलो तेव्हा "हद्द आमची नाही, अकोल्यात द्या" असं ऐकावं लागलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. हे शांतपणे सांगितल्यावर तक्रार घेतली गेली.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी, 19 तारखेला, दुपारपर्यंत सीएसएमटी ते ठाणे मध्य रेल्वेच्या लोकल बंद पडल्या, कुर्ल्यात मिठी नदी वाढल्याने लोकांना हलवावं लागलं, संध्याकाळी मोनोरेल प्रवाशांसकट वरच अडकली. अशा दिवशी आम्ही धर्मशाळांची दारं ठोठावत फिरत होतो. भाऊजींना चालवेना, म्हणून बसस्टॉपच्या छपराखाली पिशव्यांवर बसवलं, ताई छत्री धरून उभी. अखेर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी दोन फोन केले आणि एका संस्थेच्या निवासात कोपरा मिळाला. हे आधी कळायला हवं होतं असं ज्याला त्याला वाटेल, म्हणून मुद्दाम सांगतो: मोठ्या रुग्णालयांमध्ये असा विभाग असतो, त्यांच्याकडे राहण्याच्या ठिकाणांची तपासलेली यादी असते. घरून निघण्याआधी रुग्णालयाच्या कागदावर छापलेल्या नंबरवर फोन करून तो विभाग मागा.

आधार कार्डांचं काय, ही काळजी पैशांहून जास्त दिवस राहिली. आम्ही तिघांनी यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केलं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिमकार्डं आहेत ते दिसतं, तेही तपासलं. यापुढे कोणालाही शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधारच पाठवायचं, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. लॉजवाल्याला ओळख पटवायला तेवढं पुरतं, आणि मूळ कार्ड काउंटरवर दाखवता येतं.

खोली फोनवरूनच ठरवायची वेळ आली तर नकाशावरचा नंबर आणि लॉजच्या जुन्या अभिप्रायांतल्या फोटोत दिसणाऱ्या पाटीवरचा नंबर ताडून बघा. आमच्या लॉजच्या पाटीवर दूरध्वनी क्रमांक रंगवलेला होता, फोटो मोठा केला की वाचता येत होता, आणि तो वेगळा होता. पैसे पाठवताना व्यक्तीचं नाव दिसलं, भाचा-पुतण्याची गोष्ट निघाली, की तिथेच थांबा. आणि मुंबईत ओळखीचं कोणी असेल तर, पाऊस असो नसो, एकदा त्यांना तिथे जाऊन यायला सांगा. आपल्या माणसाला त्रास नको म्हणून आपण विचारत नाही, पण असा त्रास कोणीही आनंदाने घेतो, हे मला त्या आठवड्यात कळलं.

भाऊजींचं ऑपरेशन दोन दिवस उशिरा, पण नीट झालं. रोखून धरलेले 8,001 परत मिळण्यासाठी तेव्हा, 2025 मध्ये, कोर्टाचा आदेश लागत होता, त्याचा अर्ज दिला. गणपतीच्या दिवसांत सहज म्हणून मी तोच नंबर नकाशावर शोधला, तर तो दादरच्या दुसऱ्या एका गेस्ट हाऊसच्या नावाखाली झळकत होता. मी तिथे चुकीची माहिती म्हणून नोंद केली, पोलिसांच्या तक्रारीत तो पुरावा जोडला, आणि त्या गेस्ट हाऊसच्या खऱ्या नंबरवर फोन करून मालकांना कळवलं. त्यांच्याकडे त्या सकाळीच नाशिकहून एक कुटुंब पावती घेऊन आलं होतं.